निलंबन झालं, म्हणजे शिक्षा झाली का?

कोणी लाच घेताना सापडतो, कोणी हाताखालच्या कर्मचारी महिलेला त्रास देतो, कोणी खोट्या नोंदी करतो. सरकारी अधिकाऱ्याचं असं काही उघडकीला आलं की दुसऱ्या दिवशी ‘तडकाफडकी निलंबन’ अशी बातमी येते आणि लोकांना वाटतं, चला, कारवाई झाली. वर्ष-दोन वर्षांनी तोच माणूस शेजारच्या तालुक्यात खुर्चीवर बसलेला दिसतो. मग लोक म्हणतात, वरपर्यंत पैसे पोचले असतील. नाहीतर म्हणतात, कायदाच सरकारी नोकराच्या बाजूचा आहे. पहिलं काही वेळा खरं असतं. दुसरं मात्र मला फारसं पटत नाही. हे लोक शेवटच्या निकालात सुटत नाहीत. ते बरेच आधी सुटतात, कार्यालयात कागद तयार होत असताना. ते नेमकं कुठे आणि कसं होतं, ते पाहू.

निलंबनापासून सुरुवात करू, कारण सगळ्यात मोठा गैरसमज तिथेच आहे. सेवा नियमांत शिक्षांची यादी आहे आणि त्या यादीत निलंबन नाही. चौकशी नीट व्हावी, संबंधित माणसाने साक्षीदारांवर दबाव आणू नये, फायलींना हात लावू नये म्हणून त्याला तात्पुरतं बाजूला बसवायचं, एवढाच निलंबनाचा अर्थ. नोकरी कायम असते. पहिले तीन महिने साधारण अर्ध्या पगाराइतका निर्वाह भत्ता मिळतो. चौकशी लांबण्यात त्याचा दोष नसेल तर त्यानंतर भत्ता निम्म्याने वाढवता येतो, म्हणजे जवळपास पाऊण पगार. काम शून्य. अटक होऊन ४८ तासांपेक्षा जास्त कोठडी झाली तर निलंबन आपोआप झालं असं मानतात, त्यासाठी कोणा साहेबाच्या कर्तव्यदक्षतेची गरज लागत नाही.

आणि हे निलंबन फार काळ ताणताही येत नाही. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अजय कुमार चौधरी प्रकरणात सांगितलं की तीन महिन्यांत दोषारोप पत्र दिलं नाही तर निलंबन पुढे चालवता येणार नाही. महाराष्ट्र सरकारनेही त्याप्रमाणे २०१९ मध्ये शासन निर्णय काढला. निर्णय योग्यच आहे, कारण वर्षानुवर्षं माणसाला अधांतरी लटकवून ठेवणं हा अन्याय आहे. पण त्याचा व्यवहारातला परिणाम पाहा. कार्यालयाने ९० दिवस काहीच केलं नाही, तर ९१ व्या दिवशी माणूस कामावर परत येण्याचा हक्क घेऊनच येतो. त्यासाठी कोणाला काही करावं लागत नाही, फक्त काही न करणं पुरतं.

बदलीचंही तेच. ‘साहेबांची उचलबांगडी’ असं आपण समाधानाने वाचतो, पण बदली ही शिक्षा नाही. उलट शिक्षा म्हणून बदली करणं बेकायदेशीर आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये सोमेश तिवारी प्रकरणात स्पष्ट केलं. तरी वरिष्ठांना बदली आवडते, कारण ती एका कागदात होते, तक्रारदार शांत होतो आणि पुढची चौकशी करायची कटकट वाचते. बदलून गेलेल्या माणसाच्या नव्या कार्यालयाला तो का आला हे बहुतेक वेळा ठाऊक असतं. पण लेखी कुठेच काही नसतं.

मग शिक्षा म्हणजे काय?

राज्य सरकारच्या कर्मचाऱ्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ लागू होतात, केंद्राच्या कर्मचाऱ्यांना १९६५ चे नियम, आयएएस-आयपीएसना १९६९ चे. ढाचा तिन्हींचा सारखाच. किरकोळ शिक्षांमध्ये ठपका ठेवणं, बढती रोखणं, नुकसानीची वसुली, वेतनवाढ रोखणं येतं. जबर शिक्षांमध्ये खालच्या टप्प्यावर किंवा खालच्या पदावर आणणं, सक्तीची सेवानिवृत्ती, सेवेतून काढून टाकणं आणि शेवटी बडतर्फी. काढून टाकलेला माणूस पुन्हा सरकारी नोकरीसाठी अपात्र ठरत नाही, बडतर्फ झालेला सर्वसाधारणपणे ठरतो.

आता यातली महत्त्वाची गोष्ट. किरकोळ शिक्षेची वाट आणि जबर शिक्षेची वाट सुरुवातीलाच वेगळी होते. राज्याच्या नियमांत नियम १० खाली नोटीस दिली तर साधं स्पष्टीकरण घेऊन प्रकरण मिटवता येतं, पण मग त्याच कागदांवर बडतर्फी करता येत नाही. नियम ८ खाली दोषारोप पत्र दिलं तरच पूर्ण चौकशी होते आणि तरच मोठ्या शिक्षेचं दार उघडं राहतं. म्हणजे अजून एकही साक्षीदार तपासलेला नसतो, तेव्हाच कोणीतरी एक टिपणी लिहितो आणि त्या टिपणीत शिक्षेची कमाल मर्यादा ठरून जाते. ‘नियम १० अन्वये कार्यवाही प्रस्तावित’ हे चार शब्द लिहिले की गंभीर प्रकरणाचा पुढचा प्रवास ठरला. त्या चार शब्दांची बातमी कधी होत नाही.

वेतनवाढ रोखण्याची शिक्षा ऐकायला बरी वाटते, म्हणून तिचा हिशेब करू. समजा मूळ वेतन ६०,००० रुपये आहे. सातव्या वेतन आयोगाप्रमाणे वार्षिक वाढ तीन टक्के, म्हणजे महिन्याला १,८०० रुपये. एक वेतनवाढ एका वर्षासाठी, ‘पुढील वेतनवाढींवर परिणाम न होता’ रोखली तर वर्षाला २१,६०० रुपये आणि त्यावरचा महागाई भत्ता गेला. पुढच्या वर्षी पगार जिथे असायला हवा तिथे परत. ‘परिणाम होऊन’ असं लिहिलं तर फटका निवृत्तीपर्यंत आणि पेन्शनपर्यंत पोचतो, पण मग ती जबर शिक्षा धरली जाते आणि पूर्ण चौकशी करावी लागते. ती टाळायची म्हणून पहिला शब्दप्रयोग लोकप्रिय आहे. लाखांचा घोळ करणाऱ्यालाही तो पुरतो.

कलम ३११ वर राग का काढतात

सरकारी नोकराला काढता येत नाही, असं म्हणताना लोक राज्यघटनेच्या कलम ३११ कडे बोट दाखवतात. त्यात मुळात दोन गोष्टी आहेत. नेमणूक करणाऱ्या अधिकाऱ्यापेक्षा खालच्या दर्जाचा अधिकारी सरकारी नोकराला बडतर्फ करू शकणार नाही, ही एक. आणि आरोप कळवून, बाजू मांडायची वाजवी संधी देऊन चौकशी केल्याशिवाय बडतर्फ करणं, काढून टाकणं किंवा पदावनत करणं चालणार नाही, ही दुसरी. बस्स. आधी शिक्षा ठरवल्यावर त्या शिक्षेबद्दल पुन्हा एकदा म्हणणं मांडायची संधी द्यावी लागायची, ती १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने काढून टाकली.

शिवाय चौकशीशिवाय काढायचे तीन मार्ग त्याच कलमात आहेत. फौजदारी गुन्ह्यात शिक्षा झाली असेल, चौकशी घेणं व्यवहार्य नसल्याची कारणं लेखी नोंदवली असतील, किंवा राज्याच्या सुरक्षिततेचा प्रश्न असल्याची राष्ट्रपती वा राज्यपालांची खात्री झाली असेल, तर चौकशी लागत नाही. १९८५ च्या तुलसीराम पटेल निकालात पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने हे मार्ग वैध ठरवले. पोलीस खात्यात दुसरा मार्ग आजही वापरला जातो.

दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने, वीरप्पा मोईली अध्यक्ष असताना, २००७ च्या अहवालात कलम ३११ रद्दच करा अशी शिफारस केली होती. मला ती पटत नाही. हे कवच काढलं तर सगळ्यात आधी उघडा पडेल तो मंत्र्याच्या तोंडी आदेशाला ‘लेखी द्या’ म्हणणारा अधिकारी. सरदार पटेलांनी १९४९ च्या ऑक्टोबरमध्ये संविधान सभेत सनदी सेवांची बाजू घेतली, तेव्हा त्यांचा मुद्दा हाच होता की अधिकाऱ्याला मोकळेपणाने आपलं मत सांगता आलं पाहिजे. आणि कलम तर फक्त आरोप सांगा, ऐकून घ्या, मग ठरवा एवढंच म्हणतं. ही काही अशक्य अट नाही. खात्यांना एवढंही धड जमत नाही, ही खरी अडचण आहे.

दोषारोप पत्र जवळून

नियम ८ च्या दोषारोप पत्राला चार जोडपत्रं असतात. पहिल्यात दोषारोप, दुसऱ्यात त्या दोषारोपांचा तपशील, तिसऱ्यात कागदपत्रांची यादी, चौथ्यात साक्षीदारांची. प्रकरण टिकणार की कोसळणार ते या चार जोडपत्रांत ठरतं.

एक काल्पनिक नमुना घेऊ. पहिल्या प्रकारचा दोषारोप असा असतो: ‘आपण सन २०२१ ते २०२३ या कालावधीत कर्तव्यात हलगर्जीपणा केला, वरिष्ठांच्या आदेशांचे पालन केले नाही व शासकीय कर्मचाऱ्यास न शोभणारे वर्तन केले.’ वाचायला कडक, पण यात नाकारण्यासारखं किंवा सिद्ध करण्यासारखं काहीच नाही. कुठला आदेश? कुठल्या तारखेचा? कुठलं वर्तन? आरोप असलेल्या अधिकाऱ्याची बाजू मांडणारा बचाव सहाय्यक पहिल्याच सुनावणीत हे विचारतो आणि पुढे अपिलात हाच मुद्दा चालतो. दुसऱ्या प्रकारचा दोषारोप असा: ‘दिनांक १२ जून २०२३ रोजी आवक झालेला अमुक यांचा फेरफाराचा अर्ज आपण कोणतेही कारण न नोंदवता ९४ दिवस प्रलंबित ठेवला व दिनांक १४ सप्टेंबर २०२३ रोजी, अर्जदाराने पैसे दिल्यानंतर, त्याच दिवशी निकाली काढला.’ इथे तारीख आहे, कृती आहे, आवक नोंदवही आहे, अर्जदार साक्षीदार आहे. असं लिहायला लेखकाला फाईल उघडून बसावं लागतं. पहिला प्रकार मागच्या दोषारोप पत्रावरून नक्कल करून पंधरा मिनिटांत होतो. हे पत्र तयार करणारा कारकून किंवा अव्वल कारकून त्याच आस्थापना शाखेत इतर दहा कामं सांभाळत असतो, हेही लक्षात ठेवायला हवं. खोडसाळपणा असेलच असं नाही. पण ज्याला खोडसाळपणा करायचा आहे त्याला याहून सोयीची जागा मिळणार नाही.

तिसऱ्या जोडपत्राची वेगळी गंमत असते. यादीत मूळ नस्ती, म्हणजे फाईल, असते, प्रत्यक्षात ती लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने जप्त केलेली असते, नाहीतर ‘शोध सुरू आहे’ असं उत्तर येतं. झेरॉक्सवर चौकशी ढकलली जाते. मग कागद हजर केला म्हणजे तो सिद्ध झाला असं होत नाही, कोणीतरी साक्षीदाराने तो ओळखून शाबीत करावा लागतो, हा नियम आड येतो. २००८ मध्ये रूपसिंग नेगी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नेमक्या याच कारणावर बँक कर्मचाऱ्यावरची कारवाई रद्द केली. पोलिसांपुढचा कबुलीजबाब आणि तपासाचे कागद नुसते जोडून भागत नाही.

आणि सही कोणाची, हा तर वेगळाच सापळा. २०१३ मध्ये बी. व्ही. गोपीनाथ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की दोषारोपांच्या मसुद्यालाच सक्षम शिस्तभंगविषयक प्राधिकाऱ्याची मंजुरी हवी. त्या प्रकरणात अर्थमंत्र्यांनी चौकशी सुरू करायला मंजुरी दिली होती, पण दोषारोपांचा मसुदा त्यांच्याकडे मंजुरीला गेलाच नव्हता. दोषारोप पत्र रद्द. आरोप खरे की खोटे हा प्रश्न तिथे आलाच नाही. त्या निकालानंतर तसाच घोटाळा झालेली केंद्रातली इतर प्रकरणंही अडचणीत आली.

चौकशी अधिकारी हा कोणी स्वतंत्र न्यायाधीश नसतो. बहुतेकदा तो त्याच व्यवस्थेतला वरिष्ठ किंवा निवृत्त अधिकारी असतो. सरकारी बाजू मांडणारा सादरकर्ता अधिकारी वकील नसतो, त्याला स्वतःची खुर्ची सांभाळून हे काम करायचं असतं आणि यासाठी त्याला कोणी शाबासकी देत नाही. समोर मात्र अपचाऱ्याचा, म्हणजे आरोप असलेल्या कर्मचाऱ्याचा, जीव टांगलेला असतो, तो नियम कोळून प्यायलेला निवृत्त सहकारी बचावाला आणतो. साक्षीदार कोण? त्याच कार्यालयातले शिपाई, कारकून, कनिष्ठ. प्राथमिक चौकशीत त्यांनी घडाघडा सांगितलेलं असतं, पण ते जबाब नियमित चौकशीत तसेच वापरता येत नाहीत, साक्षीदाराने येऊन पुन्हा सांगावं लागतं आणि उलटतपासणीला तोंड द्यावं लागतं. तोवर दोन वर्षं गेलेली असतात. साहेब पुनःस्थापित होऊन कदाचित त्यांचाच वरिष्ठ होणार असतो. ‘नक्की आठवत नाही’ हे उत्तर मग फार स्वाभाविक आहे.

एक गोष्ट मात्र सरकारी बाजूच्या फायद्याची आहे आणि ती पुरेशी वापरली जात नाही. फौजदारी न्यायालयात गुन्हा वाजवी संशयापलीकडे सिद्ध करावा लागतो. विभागीय चौकशीत शक्यतेचा कल पुरतो, म्हणजे हे घडलं असण्याची शक्यता न घडण्यापेक्षा जास्त आहे एवढं दाखवलं तरी चालतं. दोन्ही एकाच वेळी चालू शकतात, हे १९९९ पासून कॅप्टन पॉल अँथनी निकालाने पुरेसं स्पष्ट आहे. तरी कित्येक खाती ‘प्रकरण न्यायप्रविष्ट आहे’ म्हणून चौकशी गुंडाळून ठेवतात. न्यायालयाने संशयाचा फायदा देऊन सोडलं की मग ‘निर्दोष सुटला’ म्हणून चौकशीही बंद करतात. दोन्ही वेळा नियम तसं सांगत नाही. उलट दिशेलाही हेच चालतं. खालच्या न्यायालयात शिक्षा झाल्यावर अपील प्रलंबित आहे म्हणून बडतर्फी थांबवायची गरज नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच सांगितलं आहे. पण वाट पाहण्यात कोणाचंच काही जात नाही.

फौजदारी बाजूला आणखी एक फाटक आहे, मंजुरीचं. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम १९ खाली सरकारच्या मंजुरीशिवाय न्यायालय खटला दाखल करून घेऊ शकत नाही. २०१८ च्या दुरुस्तीने त्यात कलम १७अ आलं, म्हणजे अधिकाऱ्याच्या निर्णयाबद्दल नुसता तपास सुरू करायलाही आधी परवानगी. रंगेहाथ पकडलेल्या सापळ्याच्या प्रकरणाला ती लागत नाही. म्हणून पाचशे रुपये घेणारा तलाठी अलगद सापडतो आणि कोट्यवधींच्या निविदेवर सही करणारा परवानगीच्या रांगेत सुरक्षित राहतो. कलम १९ च्या मंजुरीला तीन महिने आणि फार तर आणखी एक महिना अशी मुदत आहे. २०२२ मध्ये विजय राजमोहन प्रकरणात न्यायालयाने ती मुदत बंधनकारक असल्याचं म्हटलं. मुदत उलटली म्हणून खटला रद्द होणार नाही, मंजुरी अडवणाऱ्याला जाब द्यावा लागेल, असंही म्हटलं.

वेळ

विभागीय चौकशी सहा महिन्यांत, अगदीच अडचण असेल तर वर्षात संपवा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१५ च्या अखेरीस प्रेमनाथ बाली प्रकरणात सांगितलं. मुदत कोणी पाळत नाही, पण उशिराचा फायदा मात्र एकाच बाजूला होतो. घटनेनंतर दहा वर्षांनी दिलेलं दोषारोप पत्र न्यायालयाने २००५ मध्ये पी. व्ही. महादेवन प्रकरणात रद्द केलं. १९९० च्या बनीसिंग प्रकरणात उशीर बारा वर्षांचा होता, तिथेही तोच निकाल. इतक्या वर्षांनी माणूस स्वतःचा बचाव कसा करणार, हा युक्तिवाद चुकीचा नाही. पण मग उशीर कोणी केला?

मग येते निवृत्ती. निवृत्तीआधी चौकशी सुरू झाली असेल तर ती पुढे चालू ठेवता येते आणि पेन्शनमधून कपातही करता येते. निवृत्तीपर्यंत सुरूच झाली नसेल, तर चार वर्षांपेक्षा जुन्या घटनेबद्दल ती नव्याने सुरू करता येत नाही. राज्याच्या १९८२ च्या निवृत्तिवेतन नियमांत हे नियम २७ मध्ये आहे, केंद्रातही हीच चार वर्षांची मर्यादा आहे. आता कल्पना करा, निवृत्तीला तीन वर्षं राहिलेल्या अधिकाऱ्याची दोन वर्षांपूर्वीची भानगड बाहेर आली. फाईल सामान्य प्रशासनाकडे, तिथून विधी विभागाकडे, तिथून ‘अधिक माहितीसह फेरसादर करावे’ असा शेरा मारून परत. फाईल अशी नुसती फिरत राहिली तरी पुरतं. निवृत्त माणसाला बडतर्फही करता येत नाही, कारण नोकरीच उरलेली नसते. राहतं ते पेन्शन, आणि पेन्शन ही मेहरबानी नसून मालमत्ता आहे, ती कायद्याच्या आधाराशिवाय अडवता येत नाही.

एवढ्यातूनही मोठी शिक्षा झालीच, तर पुढे अपील, पुनर्विलोकन, मग ‘मॅट’, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण, त्यानंतर उच्च न्यायालय. न्यायालयं शिक्षेत सहसा ढवळाढवळ करत नाहीत. शिक्षा इतकी अवाजवी असेल की विवेकाला धक्का बसावा, तरच करतात, हे १९९५ च्या बी. सी. चतुर्वेदी निकालापासून ठरलेलं आहे. प्रकरणं तिथे पडतात ती प्रक्रियेवर. चौकशी अहवालाची प्रत दिली नाही, मागितलेले कागद दिले नाहीत, चौकशी अधिकारीच सरकारी वकिलासारखा वागला. अपिलात मंत्रालय पातळीवर शिक्षा हलकी होते तेव्हा मात्र कारण ओळीभरात आटोपलेलं असतं: ‘सहानुभूतिपूर्वक विचार करून’.

लैंगिक छळाच्या तक्रारी

इथे वाट थोडी वेगळी आहे. १९९७ च्या विशाखा निकालानंतर आणि २०१३ च्या कायद्यानंतर अंतर्गत तक्रार समितीचा अहवाल हाच सरकारी नोकरांसाठी चौकशी अहवाल मानला जातो, म्हणजे त्या महिलेला दुसऱ्या चौकशीत तेच सगळं पुन्हा सांगावं लागू नये. चौकशीला ९० दिवस, अहवालावर कारवाईला ६० दिवस. कागदावर हे फार चांगलं आहे.

पण समितीतले लोक त्याच कार्यालयातले. त्यांना साक्ष कशी नोंदवायची, उलटतपासणीची संधी कशी द्यायची याचं शिक्षण क्वचितच मिळतं. गोवा विद्यापीठातलं एक प्रकरण त्यासाठी समजून घेण्यासारखं आहे. एका प्राध्यापकाविरुद्ध विद्यार्थिनींच्या तक्रारी २००९ मध्ये आल्या. समितीने झपाट्याने बैठका घेऊन त्याला दोषी ठरवलं, पुढे त्याची नोकरी गेली, मुंबई उच्च न्यायालयाने ते कायमही ठेवलं. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सगळं रद्द केलं, कारण समितीने घाई केली आणि त्याला बाजू मांडायची पुरेशी संधी दिली नाही. चौकशी २००९ च्या टप्प्यापासून पुन्हा घ्या, असा आदेश झाला. त्या मुली आता कुठे असतील आणि चौदा वर्षांनी पुन्हा साक्षीला का येतील? समितीने चार तारखा जास्त दिल्या असत्या तर ही वेळ आली नसती. तक्रारदाराची बाजू घेतो म्हणून घाई करणारे बहुतेकदा आरोपीचंच भलं करतात.

आणि आरोपी फार वरचा असेल तर? पंजाबचे पोलीस प्रमुख के. पी. एस. गिल यांच्याविरुद्ध आयएएस अधिकारी रूपन देओल बजाज यांनी १९८८ मध्ये विनयभंगाची तक्रार केली. प्रसंग चंडीगडमध्ये एका वरिष्ठ अधिकाऱ्याच्या घरच्या मेजवानीतला. तक्रारदार स्वतः वरिष्ठ सनदी अधिकारी होत्या, तरी प्रशासनातून काही हललं नाही. उच्च न्यायालयाने गुन्हा रद्द केला, तो सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये पुन्हा जिवंत केला. १९९६ मध्ये दोषसिद्धी झाली, २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली, पण तुरुंगवासाच्या जागी प्रोबेशन, म्हणजे चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सुटका, आलं होतं. मधल्या काळात १९८९ मध्ये गिल यांना पद्मश्री मिळाली होती, ते पुन्हा पोलीस प्रमुख झाले होते आणि १९९५ च्या अखेरीस सन्मानाने निवृत्तही झाले होते. म्हणजे दोषसिद्धी आली तेव्हा नोकरीतली कुठलीच शिक्षा लागू व्हायला जागा नव्हती.

तक्रारदाराला काय कळतं

विभागीय चौकशीत तक्रारदार हा पक्षकार नसतो. तो फार तर साक्षीदार. शिक्षा कमी झाली म्हणून त्याला सेवा नियमांत अपील नाही. निदान काय झालं ते कळावं म्हणून माहिती अधिकारात अर्ज करावा, तर तिथे २०१२ चा गिरीश देशपांडे निकाल उभा असतो. अकोल्याच्या भविष्य निर्वाह निधी कार्यालयातल्या एका अधिकाऱ्याला दिलेले मेमो, नोटिसा, शिक्षा यांच्या प्रती मागितल्या होत्या. सर्वोच्च न्यायालयाने ती वैयक्तिक माहिती ठरवली, मोठं जनहित दाखवल्याशिवाय ती देता येणार नाही. तेव्हापासून माहिती अधिकारी या निकालाचा क्रमांक पाठ करून बसले आहेत. माझ्या मते हा या सगळ्या साखळीतला सर्वांत नुकसानकारक दुवा आहे. नियम १० वापरला की ८, दोषारोप पत्र कधी दिलं, शिक्षा कोणी कमी केली, हे बाहेर दिसलं असतं तर वर सांगितलेल्या निम्म्या गोष्टी करायला लोक कचरले असते.

महाराष्ट्रात २००५ चा बदल्यांचा आणि दप्तर दिरंगाईचा कायदा आहे, अण्णा हजारे यांच्या आंदोलनानंतर आलेला. त्याच्या कलम १० प्रमाणे कोणत्याही कर्मचाऱ्याकडे फाईल सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहता कामा नये आणि हेतुपुरस्सर विलंब हे शिस्तभंगाच्या कारवाईला पात्र वर्तन आहे. चौकशीची फाईलही फाईलच. दोषारोप पत्र ९० दिवसांत न देणाऱ्या आस्थापना अधिकाऱ्यावर, चार वर्षांची मर्यादा उलटू देणाऱ्या उपसचिवावर हे कलम लावायला कायद्याची कुठलीच आडकाठी नाही. लावल्याचं क्वचितच कानावर येतं.

अर्ज करायचाच असेल तर नाव न विचारता करता येतो. गेल्या पाच वर्षांत या कार्यालयाने नियम ८ खाली किती दोषारोप पत्रं दिली आणि नियम १० खाली किती. निलंबनापासून ९० दिवसांच्या आत त्यातली किती दिली. किती चौकशा वर्षाच्या आत संपल्या. किती जण चौकशी चालू असताना निवृत्त झाले, आणि किती प्रकरणांत अपिलात शिक्षा कमी झाली. या आकड्यांत कोणाचीच वैयक्तिक माहिती नसते, त्यामुळे देशपांडे निकाल इथे आडवा येत नाही. ‘माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही’ असं उत्तर आलं तर पहिलं अपील तीस दिवसांत करायचं असतं, आणि अर्जातच ‘संबंधित नोंदवह्यांची पाहणी करू द्यावी’ ही ओळ घातली असेल तर त्या उत्तराने दार पूर्ण बंद होत नाही.